यकृतासोबत आलेलं परकं रक्त

यकृत बदलून तीनेक आठवडे झालेले असतात. टाके सुकलेले, रुग्ण घरी जायच्या गोष्टी करू लागलेला. अशात ताप येतो, तळहातांवर आणि पाठीवर लालसर पुरळ उठतं, जुलाब सुरू होतात. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरत चाललेल्या. सगळे आधी नव्या यकृताचे रिपोर्ट बघतात, तर ते चोख! मग औषधाची रिॲक्शन असेल, प्रतिकार दबलेल्यांना गाठणारा सीएमव्ही विषाणू असेल, असं म्हणण्यात दिवस जातात. खरं तर उलटंच घडत असतं. यकृतातून आलेल्या दात्याच्या पेशींनीच रुग्णाचं शरीर परकं ठरवलेलं असतं. हा ग्राफ्ट-व्हर्सेस-होस्ट डिसीज, बोलण्यातला जीव्हीएचडी. त्वचा, आतडी, अस्थिमज्जा यांच्यावर हल्ला होतो. यकृत मात्र शाबूत राहतं, कारण ते हल्लेखोरांच्या माहेरचं.

दात्याचं यकृत थंड द्रावणाने कितीही धुतलं तरी त्यात शंभर कोटी ते हजार कोटी लिम्फोसाइट, म्हणजे परक्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, उरतात. सुरुवातीच्या वर्षांत याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि त्याचं नवल वाटायला नको. अमेरिकी सर्जन थॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हरमध्ये तीन वर्षांच्या मुलावर माणसातलं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. तो रक्तस्रावाने टेबलावरच गेला. वर्षभर जगणारा रुग्ण मिळायला १९६७ उजाडलं. जीव वाचवतानाच मारामार, तिथे पुरळ कसलं हे कोण बघणार? १९८० नंतर शरीराचा प्रतिकार दाबणारं सायक्लोस्पोरिन हे औषध आलं, रुग्ण टिकू लागले, तेव्हा कुठे या दुर्मीळ गोष्टी दिसायला लागल्या.

प्रयोगशाळेत मात्र हे आधीच कळलेलं होतं. १९४५ मध्ये रे ओवेन यांनी जुळ्या वासरांच्या अंगात एकमेकांचं रक्त कायम नांदताना दाखवलं. पुढे पीटर मेडावर यांच्या गटाने उंदरांवर काम केलं. नवजात पिल्लांना परक्या पेशी टोचल्या की काही पिल्लं खुरटून मरत. पाहुण्यांनी घर बळकावल्याचाच तो प्रकार होता. याच गटातल्या रूपर्ट बिलिंगहॅम यांनी १९६६ मध्ये अशा हल्ल्याच्या तीन अटी मांडल्या: कलमात, म्हणजे बसवलेल्या अवयवात, लढाऊ पेशी हव्यात, यजमान, म्हणजे तो घेणारा, त्यांना परका दिसायला हवा, आणि यजमानाला त्यांना हुसकावता येऊ नये. तिसरी अट आपण प्रतिकार दाबणाऱ्या गोळ्या देऊन स्वतःच पुरी करतो.

माणसात पहिला सुगावा रक्तपेढीच्या टेबलावर लागला. ए गटाच्या रुग्णाला ओ गटाच्या दात्याचं यकृत चालतं, हे पाठ असलेलं गणित. पण अशा काही रुग्णांचं हिमोग्लोबिन आठवडा-दोन आठवड्यांनी धडाधड उतरे, डोळे पिवळे होत, लाल पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडी शोधणारी कूम्ब्स टेस्ट पॉझिटिव्ह येई. पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये दाखवलं की ए गटाविरुद्धच्या या अँटिबॉडी रुग्णाच्या नाहीत, यकृतातून आलेल्या दात्याच्या बी-पेशी त्या बनवतात. याला पॅसेंजर लिम्फोसाइट सिंड्रोम म्हणतात. उपाय ऐकायला विचित्र वाटतो: रुग्ण ए गटाचा असला तरी त्याला ओ गटाच्या लाल पेशी द्यायच्या. काही आठवड्यांत पाहुण्या पेशी संपतात आणि प्रकरण मिटतं.

जीव्हीएचडी असा सुटत नाही. यकृत प्रत्यारोपणानंतरच्या जीव्हीएचडीची नोंद १९८८ मध्ये झाली. शंभरात एखाद-दुसऱ्या रुग्णाला, कधी त्याहूनही कमी जणांना तो होतो, पण झालेल्यांपैकी निम्म्याहून बरेच जास्त दगावतात, मुख्यतः जंतुसंसर्गाने. प्रतिकार दाबणारी औषधं वाढवावीत की कमी करावीत, यावर अजून एकमत नाही.

त्याच वर्षी पिट्सबर्गहूनच आणखी एक कोडं आलं. ए किंवा बी विषाणूचा नसलेल्या तीव्र हेपॅटायटिसमुळे यकृत बदललेल्या ३२ जणांपैकी ९ जणांची अस्थिमज्जा काही आठवड्यांत सुकून गेली. इतर कारणांनी प्रत्यारोपण झालेल्या हजाराहून अधिक जणांत असं एकही उदाहरण नव्हतं. इथे पाहुण्या पेशींकडे बोट दाखवता येत नाही; यकृत खाणाऱ्या मूळ आजारानेच मज्जेलाही हात घातला होता.

१९९७ ची फ्रान्समधली हकीकत तर आपल्यासारख्या शेंगदाण्याच्या कुटावर पोसलेल्यांनी ऐकावीच. दाता शेंगदाण्याच्या ॲलर्जीने गेलेला. त्याचं यकृत आणि एक मूत्रपिंड ज्याला बसवलं, त्याला पुढे शेंगदाणे खाऊन रिॲक्शन आली. त्याच दात्याचं दुसरं मूत्रपिंड आणि स्वादुपिंड मिळालेल्या व्यक्तीला काही झालं नाही. म्हणजे ॲलर्जी आली ती यकृताबरोबर.

भारतात या विषयाला वेगळं वळण आहे. इथली बहुतेक यकृतं जिवंत नातेवाइकांची: बापाला मुलगा देतो, बाळाला आई. पेशी आपली की परकी हे ज्यावरून ओळखलं जातं त्या एचएलए खुणांचा एक संच आईकडून, एक बापाकडून येतो. मुलाचे दोन्ही संच सारखेच निघाले, तर त्याच्या पेशींत बापाला परकं काहीच दिसत नाही; उलट मुलाच्या पेशींना बापाचा दुसरा संच परका दिसतो. बिलिंगहॅमची दुसरी आणि तिसरी अट एकदमच पुरी. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत जिथे आहे तिथे हे जास्त संभवतं: सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या मुलात एकाच पूर्वजाकडून आलेले दोन सारखे संच असण्याची शक्यता १६ त १. दाता निवडताना रक्तगट जुळला म्हणून थांबून चालत नाही, ते यासाठी.

निदानासाठी आता रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए बघतात आणि त्यात दात्याचा वाटा किती ते मोजतात. थोडा वाटा असला म्हणून घाबरायचं कारण नाही. स्टार्झल यांनी १९९२ मध्ये, प्रत्यारोपण होऊन कित्येक वर्षं लोटलेल्या ठणठणीत रुग्णांच्या त्वचेत आणि लसीकाग्रंथींतही दात्याच्या पेशी दाखवल्या होत्या. दाता आणि रुग्ण दोघांच्या पेशी शांतपणे एकत्र राहत होत्या.

२००८ मध्ये सिडनीच्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या मुलीत तर पाहुण्यांनी सगळं घर घेतलं. नऊ वर्षांची असताना तिचं यकृत बदललं. नऊ महिन्यांनी तपासलं तर ओ निगेटिव्हची ती ओ पॉझिटिव्ह झालेली, रक्तपेशी जवळपास सगळ्या दात्याच्या. तिच्या उरल्यासुरल्या पेशी काही काळ नव्या लाल पेशी फोडत राहिल्या, मग तेही थांबलं. यकृत आणि रक्त एकाच माणसाचं झाल्यावर नाकारायला कुणी उरलं नाही. डॉक्टरांनी हळूहळू तिच्या गोळ्या बंद केल्या.