एच-३ ची तपासणी सांगितली आहे? मग घरून निघताना ब्लॉक घेऊन निघा

गेल्या पेरणीच्या दिवसांत वसमतकडचे एक गृहस्थ रात्रीच्या एसटीने निघून सकाळी आमच्या लॅबमध्ये आले. मुलाच्या गुडघ्याजवळ हाडात गाठ, बायोप्सी झालेली, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'एच-३ जी-३४-डब्ल्यू' लिहून दिलेलं, म्हणजे गाठीच्या पेशींत एच-३ नावाच्या प्रथिनात एक ठरावीक बदल आहे का ते बघायचं. पिशवीत एमआरआयच्या फिल्म, तारखेप्रमाणे लावलेली फाईल आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन काचा. ब्लॉक नव्हता. "काचा आणल्यात की साहेब, त्यात गाठच हाय ना?" म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं, गाठ काचेवर होतीच. तरी त्यांना परत पाठवावं लागलं आणि तपासणी आठवडाभर लांबली. त्या आठवड्यात घरात काय वातावरण असतं हे आम्ही रोज बघतो. दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत हेच होतं, म्हणून हे पत्रक.

ब्लॉक म्हणजे काय, आणि काच का चालत नाही

ब्लॉक म्हणजे बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून केलेली छोटी वडी. आगपेटीपेक्षा लहान. मागे प्लास्टिकची जाळीदार कॅसेट असते आणि तिच्या तिरप्या कडेवर नंबर लिहिलेला असतो. मेणात करडा-पांढरा ठिपका दिसतो, तो तुमच्या माणसाचा नमुना. या वडीतून मायक्रोटोम नावाच्या कापायच्या यंत्रावर ३-४ मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढतात आणि ते काचेवर घेतात.

तुमच्या फाईलमधली काच म्हणजे असाच एक पापुद्रा, गुलाबी-जांभळा रंगवून वर पातळ काच चिकटवलेला. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला तो उत्तम. एच-३ च्या तपासणीला मात्र कोरे पापुद्रे लागतात, तेही खास लेप दिलेल्या काचांवर. या तपासणीत काच गरम द्रावणात ठेवावी लागते, आणि साध्या काचेवरचा पापुद्रा तिथे सुटून वाहून जातो. शिवाय एका पापुद्र्यावर भागत नाही. एक साध्या रंगाचा, एक-दोन अँटिबॉडीचे (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणारं द्रव्य) आणि डीएनए वाचायचा असेल तर आणखी बरेच.

रंगवलेल्या काचेचा रंग उतरवून त्यावरच काम भागवता येतं, हे आम्हालाही माहीत आहे. आम्ही ते करत नाही. ती काच बहुतेक वेळा रुग्णाच्या पहिल्या निदानाचा पुरावा असते. तपासणी बिघडली तर निकालही नाही आणि काचही नाही, मग पुन्हा बायोप्सी. मेंदूच्या देठातली बायोप्सी दुसऱ्यांदा करायची वेळ कुणावर येऊ नये.

ब्लॉक मिळवणं अवघड नाही. तो बायोप्सी तपासलेल्या लॅबच्या कपाटात असतो. अहवालाची प्रत, रुग्णाच्या सहीचं पत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा आणि "पुढच्या तपासणीसाठी ब्लॉक हवा" एवढंच म्हणा. ते नोंद करून देतात, परत आणून द्यायच्या बोलीवर. कॅसेटवरचा नंबर अहवालावरच्या नंबराशी तिथेच, काउंटरवरच, जुळवून बघा. दोन-तीन ब्लॉक असतील तर सगळे आणा. गाठ कशात जास्त आहे ते आम्ही बघतो.

ही तपासणी नेमकी कशाची?

पैठणकडच्या लोकांना हे सांगायला आम्हाला फार वेळ लागत नाही. पैठणीच्या मागावर रेशीम मोकळं ठेवलं तर गुंता होतो, म्हणून ते कांडीवर भरतात. पेशीतही तसंच आहे. एका पेशीतला डीएनए उलगडला तर साधारण २ मीटर भरेल, आणि तो ज्या केंद्रकात मावतो ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं किंवा त्याहूनही लहान. म्हणून तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४, प्रत्येकी दोन, अशा आठ प्रथिनांची एक कांडी. तिच्यावर साधारण १४७ अक्षरांचा डीएनए, दोनाला थोडे कमी वेढे. रेशमाच्या कांडीत नसलेली एक गोष्ट इथे आहे: या प्रथिनांची शेपटं बाहेर लोंबतात आणि पेशी त्यांच्यावर खुणा लावते, डीएनएचा कुठला भाग वाचायचा, कुठला मिटून ठेवायचा.

एच३ च्या एका प्रकाराला एच३.३ म्हणतात. तो बनवणारे जीन (जनुकं) दोन आहेत, एच३एफ३ए १ नंबरच्या गुणसूत्रावर आणि एच३एफ३बी १७ नंबरच्या. जीन वेगळे, पण बनणारं प्रथिन तंतोतंत एकच. नव्या नावांत त्यांना एच३-३ए आणि एच३-३बी म्हणतात. अहवालात जुनं-नवं कुठलंही नाव दिसलं तरी घाबरू नका.

२०१२ मध्ये लहान मुलांच्या मेंदूतल्या काही गाठींत एच३एफ३ए मधलं एकच अक्षर बदललेलं आढळलं. त्यामुळे शेपटावर २७ व्या जागी लायसिनऐवजी मेथिओनिन येतं (दोन्ही प्रथिनाचे घटक). तोच 'के-२७-एम'. ते शेपूट 'मिटून ठेवा' ही खूण लावणाऱ्या यंत्रणेलाच अडवतं, म्हणून गाठीच्या पेशींत ती खूण हरवते. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या गाठीच्या नावातच हा बदल आला. पाठोपाठ २०१३ मध्ये हाडांच्या गाठींचं कळलं. जायंट सेल ट्यूमर, जो बहुधा विशी ते चाळिशीत गुडघ्याजवळ किंवा मनगटाजवळ होतो, त्यात दहापैकी नऊ जणांत एच३एफ३ए मध्ये ३४ व्या जागी बदल सापडला, चिठ्ठीवरचा 'जी-३४-डब्ल्यू' तो हाच. कोंड्रोब्लास्टोमा या हाडाच्या दुसऱ्या गाठीत तेवढ्याच ठामपणे बहुतेक वेळा एच३एफ३बी मध्ये ३६ व्या जागी. साध्या रंगात या दोन गाठी एकमेकींसारख्या दिसू शकतात, म्हणून डॉक्टर ही तपासणी सांगतात. जायंट सेल ट्यूमरवर देतात ते डेनोसुमॅबचं इंजेक्शन झाल्यावर तर गाठीतल्या मोठ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात आणि गाठ ओळखू येत नाही. जी-३४-डब्ल्यू चा बदल मात्र उरलेल्या पेशींत तसाच राहतो.

अहवाल हातात आल्यावर येणारे फोन

"एका कागदावर २७ आहे, दुसऱ्यावर २८. कुठला खरा?" दोन्ही खरे. जीनमधला मजकूर एका मेथिओनिनपासून सुरू होतो आणि प्रथिन तयार होताना तो पहिला तुकडा काढून टाकला जातो. हिस्टोनवर काम करणारे त्याला धरत नाहीत, डीएनए वाचणारे धरतात. तळमजल्याला पहिला मजला म्हणायचं की नाही, एवढाच फरक. तसंच ३४ चं ३५ आणि ३६ चं ३७ होतं. आम्ही आमच्या अहवालात दोन्ही आकडे देतो.

दुसरा फोन जास्त काळजीचा. मेंदूच्या गाठीसाठी आम्ही दोन काचा करतो. के-२७-एम च्या काचेवर गाठीच्या पेशींची केंद्रकं तपकिरी झाली तर बदल आहे. दुसरी काच त्या हरवलेल्या खुणेची. तिच्यावर उलटं असतं: बदल असेल तर गाठीच्या पेशी निळ्या राहतात आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी तपकिरी होतात. तिथे 'निगेटिव्ह' किंवा 'लॉस' लिहिलेलं असतं आणि घरचे ते वाचून पेढे आणतात. कृपा करून त्या एका शब्दावर काही ठरवू नका. शेवटचा परिच्छेद डॉक्टरांसमोर बसून वाचा.

"बाकीच्या लेकरांना होईल का? त्यांचं रक्त आणू का?" नका आणू. हा बदल गाठीच्या पेशींतच झालेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. रुग्णाचंही रक्त आम्ही या तपासणीसाठी घेत नाही. याच जीनमध्ये जन्मतः बदल असलेली मुलं क्वचित असतात, त्यांच्या वाढीचे प्रश्न असतात. तो वेगळा विषय आहे आणि त्याची तपासणी आमच्याकडे होत नाही.

पहिला दिवस आणि त्याचे पैसे

ब्लॉक आला की आम्ही आधी एकच पापुद्रा कापून साध्या रंगात बघतो. त्यात एक दिवस जातो आणि त्याचे थोडे पैसे लागतात. यावरून काही जण नाराज होतात. पण आधीच्या लॅबने पुष्कळ पापुद्रे काढलेले असतील तर वडीत गाठ शिल्लकच नसते, आणि ते न बघता महागडी अँटिबॉडी घातली तर पैसे तुमचेच जातात. गाठ उरली नसेल तर आम्ही तिथेच थांबतो आणि मुख्य तपासणीचं शुल्क घेत नाही. अँटिबॉडीच्या काचा इथेच होतात. डीएनए वाचायचा असेल तर नमुना बाहेर जातो, आणि हे पावती करतानाच सांगतो.

ब्लॉक आणताना बर्फ नको. ऊनही नको. हे मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. मे महिन्यात परभणी-नांदेडच्या उन्हात बंद गाडीच्या काचेमागे ठेवलेली वडी मऊ होऊन हाती आलेली आम्ही पाहिली आहे. कापसात गुंडाळून डबीत ठेवा आणि डबी हातातल्या पिशवीत.

बायोप्सी अजून व्हायची असेल तर हा भाग सर्जनना दाखवा. तुकडा सलाईनमध्ये नको, १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट, रुंद तोंडाच्या बाटलीत. हाड असेल तर ते मऊ करायला तीव्र आम्ल वापरू नये, ईडीटीए वापरावं. वेळ जास्त लागतो, पण आम्लाने डीएनएचे तुकडे होतात आणि मग ब्लॉक असूनही आमच्या हातात काही राहत नाही.

निघण्याआधी ब्लॉकच्या कडेवरच्या नंबराचा आणि अहवालाच्या पहिल्या पानाचा फोटो आमच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा. पुरेसं आहे की आणखी काही लागेल ते त्याच दिवशी कळवतो. यायला जमत नसेल तर कुरिअर चालतं, ब्लॉक परतही आम्हीच पाठवतो. रविवारी काउंटर उघडा असतो, पण पापुद्रे सोमवारी कापले जातात.