चालत्या बँडमधला इलेक्ट्रॉनिक ड्रम : गाडे स्पीकरपाशी अडते

ड्रम हे एक वाद्य आहे आणि त्याच वेळी तो एक ध्वनिक्षेपकही आहे. काठीचा आघात ज्या पानावर होतो, तेच पान खाली-वर थरथरते आणि कवचातल्या हवेच्या साथीने आवाज दूरवर पोहोचवते. इलेक्ट्रॉनिक ड्रममध्ये या दोन कामांची फारकत होते. पॅड केवळ आघात टिपते, आवाज भलतीकडेच ठेवलेल्या स्पीकरमधून येतो. घरात किंवा रंगमंचावर ही फारकत सोयीची ठरते, पण खांद्यावर वाद्य अडकवून मैदानात फिरणाऱ्या वादकाला हा स्पीकर कुठे ठेवायचा, या साध्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही.

पॅडच्या आत बसवलेली चकती पीझोविद्युत पदार्थाची असते. अशा पदार्थावर दाब पडला की त्यात विद्युत दाब निर्माण होतो, हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले होते. मॉड्यूल, म्हणजे पॅडला जोडलेली आवाज काढणारी पेटी, त्या विद्युत स्पंदाची उंची मोजते आणि तेवढ्या जोराचा, आधीच साठवलेला आवाज वाजवते. १९८१ मध्ये आलेल्या सिमन्स एसडीएस-५ या संचाची षटकोनी पॅड फार कडक होती, मात्र १९९७ मध्ये रोलंडने जाळीचे पान असलेली पॅड आणल्यावर स्पर्शाची तक्रार बरीच कमी झाली. म्हणजे आघात टिपण्याचे तंत्र आज चांगलेच पिकलेले आहे.

आवाजाचा हिशेब मात्र निष्ठुर आहे. एक वॅट शक्ती दिल्यावर एक मीटरवर ९० डेसिबल आवाज देणारा स्पीकर चांगल्यापैकी मानला जातो, तरीही त्याला मिळालेल्या विजेपैकी सुमारे एक टक्काच ध्वनीत उतरते आणि उरलेल्या जवळजवळ सगळ्या विजेची उष्णता होते. त्याला १०० वॅट दिले तर एक मीटरवर ११० डेसिबल मिळतील, पण मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे ४० मीटरवर जेमतेम ७८ डेसिबल उरतात. केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याच्या ताणलेल्या पानाचा स्नेअर ड्रम (खालच्या पानावर तारा असलेला, कडक आवाजाचा ड्रम) जोरात वाजवला की जवळच्या कानाला ११० डेसिबलच्या वरचे आघात सहज जाणवतात, आणि त्यासाठी लागणारी सारी ऊर्जा वादकाच्या मनगटातून येते.

बास ड्रमची गोष्ट याहून अवघड आहे. स्वर एक सप्तक खाली नेऊन तेवढाच मोठा ठेवायचा असेल, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हवा हलवावी लागते. ३२ इंची बास ड्रमच्या पानाचे क्षेत्रफळ १० इंची स्पीकरच्या सुमारे दहापट असते, त्यामुळे त्या ड्रमचा घुमारा अंगावर बांधता येईल एवढ्या पेटीतून काढण्याचा प्रयत्न सहसा निराशाच करतो. बॅटरी ही खरी अडचण असेल असे अनेकांना वाटते, परंतु ड्रमचे आघात क्षणिक असल्याने सरासरी शक्ती थोडीच लागते आणि एक किलो वजनाची लिथियम-आयन बॅटरी १५० वॅट-तास किंवा त्याहून अधिक ऊर्जा देऊ शकते. वजन वाढते ते पेटी, चुंबक आणि पडदा यांच्यामुळे.

मग स्पीकर अंगावर न घेता मैदानाच्या कडेला मोठे स्पीकर उभे करावेत आणि पॅडचा संकेत बिनतारी पाठवावा, ही पुढची कल्पना सुचते. सर्वसाधारण ब्लूटूथ ध्वनी यासाठी निरुपयोगी आहे, कारण त्यात १०० ते २०० मिलिसेकंदांचा उशीर नेहमीचाच असतो. व्यावसायिक बिनतारी यंत्रणा काही मिलिसेकंदांतच काम उरकतात, तरीही उशिराच्या फटी इतरत्र उरतात. इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांना संदेश पाठवण्यासाठी वापरतात त्या, १९८३ पासून रूढ असलेल्या मिडी पद्धतीत सेकंदाला ३१,२५० बिट जातात आणि एका आघाताच्या पूर्ण संदेशाला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. आठ वादकांनी एकाच क्षणी मारलेली काठी एकाच तारेतून पाठवली, तर पहिल्या आणि आठव्या आघातात सुमारे सात मिलिसेकंदांचे अंतर पडते. अन्य संगीतात एवढे खपून जाईल. स्नेअरच्या ओळीत मात्र आठ काठ्यांचा आवाज एकाच काठीचा वाटावा अशी अपेक्षा असते, आणि तिथे या अंतराने आघाताची धार बोथट होते.

याहून मोठा घोळ हवेतून जाणाऱ्या ध्वनीमुळे होतो. वीस अंश सेल्सियसला ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो. १०० यार्डांच्या अमेरिकन फुटबॉल मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना त्याला ०.२७ सेकंद लागतात, आणि मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत एक मात्राच ०.३३ सेकंदांची असते. म्हणूनच पुढे बसलेल्या वादकांनी मागून येणारा ड्रमचा आवाज ऐकून वाजवावे, अशी शिस्त अशा बँडमध्ये पाळली जाते. आता मागच्या ड्रमवाल्यांचा आवाज ४० मीटर पुढच्या स्पीकरमधून येऊ लागला, तर त्यांना स्वतःचाच आघात ११७ मिलिसेकंद उशिरा ऐकू येईल. कानात इअरफोन घालून हे टाळता येते, पण त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या पितळी वाद्यांचा आवाज प्रेक्षकांपर्यंत तेवढ्याच उशिराने पोहोचेल आणि ड्रम सतत घाई करत असल्याचा भास होईल. शिवाय पाच बास ड्रमच्या ओळीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे धावत जाणारा तुकडा एका स्पीकरमध्ये कोंबला की ती धावच नाहीशी होते.

स्पर्शाबद्दल एवढेच सांगतो की काठी पानावर दाबून काढलेला सलग गुणगुणता रोल पॅडला अजूनही नीट कळत नाही. एका आघातानंतरची थरथर नवा आघात समजली जाऊ नये म्हणून मॉड्यूल क्षणभर कान बंद करते आणि त्या क्षणातल्या बारीक उड्या हरवतात. चालताना पावलांचा हादरा चुकून आघात म्हणून नोंदला जाऊ नये यासाठी संवेदनक्षमता कमी केली, तर हळुवार वाजवलेल्या काठ्याही गळतात.

तरीही इलेक्ट्रॉनिक वाद्ये या क्षेत्राबाहेर राहिलेली नाहीत. ड्रम कोअर इंटरनॅशनल या चालत्या बँडच्या स्पर्धा भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने २००४ मध्ये ध्वनिवर्धनाला आणि २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगी दिली, आणि मैदानाच्या पुढच्या कडेला स्थिर बसणाऱ्या वादकांमध्ये ती रुळली. तिथे विजेची सोय असते, स्पीकर शेजारीच असतात आणि कोणी चालत नाही. सरावातही पॅडचा उपयोग मोठा आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था नायॉश हिच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तासच सोसावा आणि दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी करावी, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे मिळतात. हेडफोन लावून पॅडवर तास-दोन तास हात बसवणाऱ्याला आवाज स्वतःच्या हाताने कमी ठेवता येतो.

मला त्यातल्या त्यात व्यवहार्य वाटतो तो संकराचा मार्ग. ड्रम खराच ठेवायचा, त्याच्या कडीवर छोटा सेन्सर बसवायचा आणि पुढच्या स्पीकरमधून खोल खर्जाचा थर जोडायचा. वादकाला स्वतःचा आवाज हाताखालीच मिळतो, वजनात नाममात्र भर पडते आणि संकेत तुटला तरी ड्रम वाजतच राहतो. त्यासाठी ध्वनितंत्रज्ञाने स्पीकरचा आवाज मुद्दाम उशिरा सोडावा लागतो, वादक ४० मीटर मागे असेल तर ११७ मिलिसेकंदांनी. तो चालत १५ मीटरवर आला की हाच आकडा ४४ वर आणावा लागतो, आणि ओळीतला प्रत्येक वादक वेगळ्या अंतरावर असेल तर प्रत्येकाचा आकडाही वेगळा असतो.