डब्यात ओतण्याआधी बॅच नंबर कापून ठेवा

एखादं तिखट किंवा पनीर बाजारातून परत मागवलं जातं, तेव्हा बहुतेक वेळा त्या कंपनीचा सगळा माल परत जात नाही, ठरावीक बॅच जाते. बॅच म्हणजे एकाच वेळी, सारख्याच परिस्थितीत तयार झालेला माल. त्यामुळे अशी सूचना वाचताना ब्रँडच्या नावाइतकाच बॅच नंबर महत्त्वाचा. आणि पुण्यातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत नेमका तोच उरत नाही, कारण किराणा आला की पाकीट फोडून डब्यात आणि पिशवी घंटागाडीत. बॅच नंबर, तारीख आणि 14 अंकी परवाना क्रमांक असलेली पट्टी कापून डब्याला चिकटवा. जुन्या मालावर नवा ओतू नका. दोन बॅच मिसळल्या की अख्खा डबा टाकावा लागतो. मार्केट यार्डातून सुटं आणलंत तर बॅच नसतेच, मग तारखेची पावती जपा.

परत मागवलेला माल ‘नीट शिजवून घेऊ’ हा विचार मात्र सर्वांत घातक. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताच्या कर्करोगाला कारण ठरतं. आपल्याकडे त्याची मर्यादा किलोमागे फक्त 15 मायक्रोग्रॅम आहे, आणि दाणे खमंग भाजून कूट केला तरी ते पूर्ण जात नाही. मालात शिसं असेल तर ते उष्णतेने नष्टच होत नाही. स्टॅफिलोकोकस जंतू उकळल्यावर मरतात, पण त्यांनी आधीच सोडलेलं विष टिकून राहतं. लिस्टेरिया या जंतूची तऱ्हा वेगळी: तो शिजवल्याने मरतो, पण फ्रिजमधल्या 4 अंशांनाही वाढतो आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतो. म्हणून लिस्टेरियामुळे परत मागवलेलं पनीर किंवा चीज काढल्यावर फ्रिजचे कप्पे साबणाने धुवा, मग 4 लिटर पाण्यात 15 मिली साधं ब्लीच घालून पुसा. घरात गर्भवती असेल आणि तिने ते खाल्लं असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा. लक्षणं 70 दिवसांनीही दिसू शकतात.

परत मागवण्याची जबाबदारी 2006च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 28नुसार उत्पादकावर आहे. बॅच जुळली तर चव घेऊन बघू नका. पाकीट पिशवीत बांधून वेगळं ठेवा, लेबलचा आणि पावतीचा फोटो काढा, दुकानदाराकडे परत करा. त्याने नकार दिला तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला 1800222365 वर कळवा. बॅच जुळत नसेल तर माल टाकायचं कारण नाही. परत मागवलेल्या बॅचचा फोडलेला माल गल्लीतल्या कुत्र्यांना किंवा गाईला घालू नका. अफ्लाटॉक्सिनने कुत्रीही मरतात.