कॅप्टनच्या घरी पाळणा का हलला नाही

सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बाईचं काम आणि लेकरू एकाच खोलीत. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं नि तंबाखू, पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानाची अमेरिकन मालिका लागायची, तेव्हा शेजारच्या अक्का सूप घेऊनच आमच्याकडे बसायच्या. एकदा म्हणाल्या, “एवढं मोठं यान, आणि त्यात पोर एक नाही?”

अक्कांनी बरोबर ठेवलं होतं बोट. १९६४ साली चित्रित झालेल्या तिच्या पहिल्या पायलट (वाहिनीला दाखवायच्या नमुन्याच्या) भागात यानावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाईच होती, मॅजेल बॅरेटने साकारलेली. एनबीसी वाहिनीने तो भाग नाकारला आणि दुसऱ्या पायलटमध्ये ती बाई दिसलीच नाही. १९८७ च्या ‘नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या स्टार ट्रेक मालिकेत यानावर कुटुंबं आली, शाळाही आली. कॅप्टन मात्र पुरुष, तोही पोरांपुढे अवघडणारा. आईपण गेलं डॉक्टर बेव्हर्ली क्रशरच्या वाट्याला, तीही विधवा.

१९९५ मध्ये ‘व्हॉयेजर’ या स्टार ट्रेक मालिकेत यानाची सूत्रं एका बाईकडे, कॅप्टन कॅथरीन जेनवेकडे आली. यान पृथ्वीपासून ७०,००० प्रकाशवर्षं दूर फेकलं गेलं, ठरलेला नवरा मागे राहिला आणि पुढे त्याने दुसरीशी संसार थाटला. यानावर बाळ जन्मलं ते एन्साइन सामंथा वाइल्डमनला, म्हणजे हाताखालच्या बाईला. (एका भागात जेनवेलाही पिल्लं होतात, पण ती पालीसारखा प्राणी झाल्यावर. ते कशाला जमेत धरायचं!)

खरं गरोदरपण या मालिकांत शिरलं ते लेखकांच्या खोलीतून नाही, सेटवरून. १९९४ मध्ये ‘एक्स-फाइल्स’ या दुसऱ्या विज्ञानकथा मालिकेची नायिका गिलियन अँडरसनला दिवस गेले, तेव्हा मालिकावाल्यांनी आधी तिला ढगळ कोटात झाकलं, मग तिच्या पात्राचं, स्कलीचं, अपहरणच घडवलं. १९९६ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ या स्टार ट्रेक मालिकेतल्या अभिनेत्री नाना व्हिझिटरची वेळ आली. तिची मेजर किरा लढवय्यी, हुद्द्याने मोठी. पोट लपवलं नाही, पण गर्भ दुसरीचा दाखवला: अपघातात जखमी झालेल्या केको ओब्रायनचं बाळ किराच्या पोटात हलवलं! ‘व्हॉयेजर’मध्ये गरोदर अभिनेत्री रॉक्सान डॉसनच्या अंगावर सैलसर कोट चढला. म्हणजे पोट झाका, नाहीतर दुसरीच्या नावावर करा.

याचं एक कारण कामाच्या रेट्यात होतं. वर्षाला सव्वीसच्या आसपास भाग, आणि नायिका जवळजवळ प्रत्येक प्रसंगात. जेनवे साकारणारी केट मुलग्रू त्याच काळात दोन मुलगे एकटीने वाढवत होती. तिच्या घरातली ती ओढाताण कॅप्टनच्या केबिनपर्यंत कधी पोचली नाही.

२०२४ मध्ये ‘डिस्कव्हरी’ या स्टार ट्रेक मालिकेच्या शेवटच्या भागात कॅप्टन मायकेल बर्नहमला (नाव पुरुषी, पण ही बाईच) मुलगा दिसतो. पण कथा काही दशकं पुढे उडी मारते, आणि तो समोर येतो तो थेट गणवेशात, स्वतःच्या यानाचा कॅप्टन म्हणून. झोळीची वर्षं तेवढी गाळलेली.