कोरडी गळती: पोहण्याच्या टँकचा पंप हवा का धरतो?

गाळून स्वच्छ झालेलं पाणी टँकच्या भिंतीतल्या ज्या तोंडांतून परत येतं, तिथून एखाद्या दिवशी बुडबुडे यायला लागतात. पोरांना गंमत वाटते, ती त्या तोंडाला पाठ लावून उभी राहतात. कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या एखाद्या सोसायटीत किंवा पन्हाळा रस्त्यावरच्या फार्महाउसवर हे घडलं की देखभालीचा माणूस पंपाच्या खोलीत जातो, पाइपांवरून हात फिरवतो, कुठंच ओल सापडत नाही. मग निकाल ठरलेला: "गळती न्हाई साहेब, मोटारच गेलीया." मोटार खोलून दुरुस्तीला उद्यमनगरात जाते आणि धडधाकट म्हणून परत येते. बुडबुडे चालूच राहतात.

हेच पंचगंगेकाठच्या एखाद्या ऊसवाल्याला विचारलं असतं, तर त्यानं खोलीत पाऊलही न टाकता सांगितलं असतं, "हवा धरालीया. सक्शन बघा आधी." नदीवरची मोटार सांभाळणाऱ्याला एक गोष्ट अनुभवानं कळलेली असते. सक्शनची, म्हणजे पंपाकडे पाणी येणाऱ्या पाइपाची, गळती कोरडी असते.

ती कोरडी का, हे समजायला आधी पंप काय करतो ते पाहू. पंप पाणी ओढतो, असं आपण म्हणतो. खरं तर तो पाणी फक्त फेकतो. आतला पंखा, म्हणजे इम्पेलर, गरगर फिरून पाणी कडेला भिरकावतो आणि त्यामुळे त्याच्या मध्यभागी दाब कमी होतो. टँकमधल्या पाण्याच्या पृष्ठभागावर बाहेरची हवा दाब देतच असते. ती पाण्याला पाइपातून त्या कमी दाबाच्या जागेकडे ढकलते. म्हणजे सक्शनच्या बाजूचं सगळं काम वातावरण करतं, पंप फक्त जागा मोकळी करून देतो. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असं इटलीच्या तोरिचेल्लीनं १६४४ साली एका पत्रात लिहिलं होतं, ते याच संदर्भात.

या ढकलण्याला मर्यादा आहे. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब जास्तीत जास्त १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकतो. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, म्हणून इथं हा आकडा ९.७ मीटरच्या आसपास येतो. पाइपातलं घर्षण, वळणं आणि पाण्याची वाफ यांचा हिशेब वजा केला की प्रत्यक्षात सहा-सात मीटरच हाती उरतात. नदीकाठच्या मोटारी पाण्याच्या इतक्या जवळ का बसवतात, याचं उत्तर इथं आहे. उन्हाळ्यात नदी खाली जाते, तिच्या मागं मोटारही खाली न्यावी लागते. मग पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की मोटारी वर काढायची धावपळ. शेतकऱ्याला हौस नसते मोटार पुराच्या तोंडी ठेवायची. हवेच्या दाबाची ही मर्यादा त्याला तिथं बसवते.

आता टँककडे येऊ. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवला असेल तर टँकपासून इम्पेलरपर्यंतच्या पाइपात, पंप चालू असताना, बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. अशा पाइपाला केसाएवढी फट पडली तर पाणी बाहेर येणार नाही, हवा आत जाईल. चिरलेल्या नळीनं शहाळं प्यायला बसलं की नुसती हवाच तोंडात येते, पण नळीतून थेंबही बाहेर सांडत नाही, तसंच. इम्पेलरच्या पुढं मात्र उलट स्थिती. तिथं दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, त्यामुळे फट पडली तर पाण्याची पिचकारी उडेल, हवा आत शिरूच शकणार नाही. म्हणून टँकमध्ये सतत बुडबुडे दिसत असतील तर फिल्टर, व्हॉल्व्ह आणि परतीचे पाइप तपासत बसू नये. चोर पंपाच्या अलीकडेच आहे.

थोडीशी हवा गेली तर काय बिघडतं? बरंच. पंखा किती दाब तयार करणार हे त्यात फिरणाऱ्या पदार्थाच्या घनतेवर अवलंबून असतं. कोल्हापुरातल्या उन्हाळी हवेपेक्षा पाणी सुमारे नऊशे पट जड आहे. जो पंप पाण्यानं भरलेला असताना बारा मीटर उंचीएवढा दाब देतो, तोच पंप नुसत्या हवेत फिरला तर पाण्याच्या जेमतेम सव्वा सेंटिमीटर उंचीएवढाच दाब देईल. एवढ्यानं सक्शनमधलं पाणी वर येणं शक्य नाही. म्हणून तर मोटार सुरू करण्यापूर्वी पंपात पाणी ओतावं लागतं. त्यात आणखी एक खोड आहे. फिरत्या पंख्यात जड पाणी कडेला फेकलं जातं आणि हलकी हवा मध्यभागी साठत जाते, नेमकी पाणी आत येण्याच्या तोंडावर. बुडबुडे आले तसे सगळे निघून जात नाहीत, काही तिथंच मुक्काम ठोकतात. प्रवाह कमी होतो, पंपाचा आवाज बदलतो, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा थरथरायला लागतो आणि अखेर पाणी तुटतं.

पाणी तुटल्यावरही मोटार फिरत राहिली, तर एका गळतीला दुसरी जन्माला येते. पंपात अडकलेलं थोडंसं पाणी घुसळून घुसळून तापतं, काही वेळा उकळतं. पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. पंपाच्या तोंडात घट्ट बसवलेला आट्यांचा तुकडा या उष्णतेनं आकसतो आणि थंड झाल्यावर पूर्वीसारखा बसत नाही. तिकडं मोटारीच्या दांड्याभोवतून पाणी बाहेर येऊ न देणारं मेकॅनिकल सील पाण्याच्या पातळ थरावर चालणारं असतं, ते कोरडं घासून खराब होतं. साध्या रबरी रिंगनं सुरू झालेलं दुखणं असं हजारांत जातं.

हवेचा पुढचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. सक्शनमधला बुडबुडा फिल्टरच्या दाबाखाली गेला की आकसून निम्म्याहून लहान होतो. शिवाय जास्त दाबाखाली पाण्यात जास्त हवा विरघळते. मग ते पाणी टँकमध्ये येताच दाब उतरतो आणि विरघळलेली हवा बारीक फुगे होऊन बाहेर पडते. पाणी दुधाळ दिसायला लागतं. लोक घाबरून त्यात क्लोरीन किंवा तुरटी ओततात. त्याऐवजी ते पाणी काचेच्या ग्लासात घेऊन ठेवावं. तळाकडून वर निवळत गेलं तर ती हवा. वरून निवळून खाली गाळ बसला, किंवा निवळलंच नाही, तर मात्र पाण्याचीच तब्येत बघायला हवी.

शोध घेताना सर्वांत आधी टँकमधलं पाणी बघावं. पृष्ठभागावरचा कचरा ओढणाऱ्या स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत पातळी हवी. एप्रिल-मेमध्ये बाष्पीभवन आणि पोरांच्या उड्या यांनी ती उतरते, स्किमरमध्ये भोवरा तयार होतो आणि त्या भोवऱ्यातून हवा आत जाते. कडेवरून पाणी ओसंडणारा टँक असेल तर हेच ओसंडलेलं पाणी साठवणाऱ्या बॅलन्सिंग टँकमध्ये घडतं. स्किमरची फडफडणारी झडप अडकली तरी तोच परिणाम. इथं काही फुटलेलंच नसतं, पाणी भरलं की काम झालं.

पातळी ठीक असेल तर पंपाच्या पुढच्या गाळणीचं पारदर्शक झाकण बघा. बहुतेक वेळा गुन्हेगार तिथंच सापडतो, कारण रोज-दोन रोजांनी उघडलं जाणारं ते एकच ठिकाण आहे. ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाखालच्या रबरी कड्यावर, वाळूचा कण किंवा झाडाचं पान अडकलेलं असतं, नाहीतर रिंग उन्हानं कडक होऊन चपटलेली असते. ती पुसून तिला सिलिकॉन ग्रीस लावावं. घरातलं व्हॅसलिन लावायचा मोह होतो, पण पेट्रोलियमनं पुष्कळशी रबरं फुगतात आणि सैल पडतात. झाकण पान्यानं करकचून आवळणं हा दुसरा मोह, त्यानं झाकणाला बारीक तडा जातो आणि आता गळती कायमची. त्याच गाळणीच्या तळाला पाणी काढून टाकायचा एक छोटा बूच असतो, त्याची रिंगही विसरू नये.

यानंतरचं काम मजेचं. पंप चालू ठेवून नळीनं एकेका सांध्यावर पाणी सोडायचं आणि नजर गाळणीच्या झाकणावर ठेवायची. मोटारीवर आणि वायरिंगवर पाणी उडू द्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. ज्या सांध्यावर पाणी पडताच आतले बुडबुडे कमी होतात, फट तिथं, कारण आता ती हवेऐवजी पाणी आत घेते. दाढीचा फेस लावला तर आणखी स्पष्ट दिसतं. फटीपाशी फेसाला खळगा पडतो आणि तो आत ओढला जातो. पंपाच्या लगेच अलीकडची युनियन (खोलता येणारा जोड), आट्यांचा सांधा आणि व्हॉल्व्हच्या मुठीखालचा दांडा या जागा आधी घ्याव्यात. स्किमर, तळाचं ड्रेन आणि व्हॅक्यूमची लाइन यांना वेगवेगळे व्हॉल्व्ह असतील तर एकेक लाइन थोडा वेळ बंद करून पाहता येते. जी बंद केल्यावर बुडबुडे थांबतात, दोष तिच्यात.

पंप पाण्याच्या पातळीखाली, तळघरात असेल तर निम्मं काम आयतं होतं. पंप बंद केला की टँकमधल्या पाण्याचा भार सक्शनवर येतो आणि चालू असताना हवा घेणारा तोच सांधा ठिबकायला लागतो. म्हणून अशा खोलीत तपासणी पंप बंद करून, बॅटरी घेऊन करावी. वर बसवलेल्या पंपात उलट होतं, रात्री पंप थांबला की फटीतून हवा शिरते, पाणी टँकमध्ये परत जातं आणि सकाळी गाळणी रिकामी दिसते.

नदीवरच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे सक्शन पाइपाच्या खालच्या टोकाची पाणी परत जाऊ न देणारी झडप, पाणी धरेना झाला की आपल्याकडं शेणकाल्याचा उपाय चालतो, आणि चालतोही उत्तम. पोहण्याच्या टँकवर तो करून बघू नये, एवढंच.

यात खरी जोखीम एकाच ठिकाणी आहे. सक्शनमधून आलेली हवा फिल्टरच्या डोक्यावर साठते आणि दाबली जाते. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे दाबाखालच्या पाण्यात ऊर्जा फारशी साठत नाही. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबून राहते आणि फिल्टरचा क्लॅम्प ढिला असेल तर झाकण गोळीसारखं उडवू शकते. पंप बंद करावा, वरचा हवेचा स्क्रू उघडावा, काटा शून्यावर आल्याशिवाय क्लॅम्पला किंवा फिल्टरमधल्या पाण्याची वाट बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हच्या मुठीला हात लावू नये. पुन्हा सुरू करताना तो स्क्रू उघडाच ठेवायचा, पाण्याची धार लागली की बंद करायचा आणि तोवर फिल्टरवर वाकून उभं राहायचं नाही. जमिनीखालच्या पाइपाची परीक्षा करतानाही त्यात काँप्रेसरची हवा भरू नये, दोन्ही तोंडं बंद करून पाणीच भरावं आणि माफक दाब द्यावा.

गळती बंद झाल्यावर एक गोंधळ हमखास होतो. प्रवाह पूर्ववत झाल्यामुळे फिल्टरच्या गेजवरचा काटा गेल्या महिन्यापेक्षा वर दिसतो आणि फिल्टर चोंदला असं समजून लगेच बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं, सुरू केला जातो. तो गेल्या महिन्यातला आकडाच हवेमुळे खाली आलेला होता. एकदा बॅकवॉश करून स्वच्छ फिल्टरवर काटा कुठं थांबतो ते बघावं आणि तो नवा आकडा मार्करनं गेजशेजारी फिल्टरवरच लिहून ठेवावा.