चंद्रावतरण बनावट असल्याचा दावा

अमेरिकेच्या अपोलो मोहिमांतून माणूस चंद्रावर कधी उतरलाच नाही, दाखवलेली दृश्ये पृथ्वीवरच्या एखाद्या स्टुडिओत चित्रित केली होती, असा हा दावा आहे. जुलै १९६९ ते डिसेंबर १९७२ या काळात अपोलो ११, १२, १४, १५, १६ आणि १७ या सहा मोहिमा चंद्रावर उतरल्या, बारा अंतराळवीर तिथे वावरले आणि सुमारे ३८२ किलो दगडमाती पृथ्वीवर आली. दावा खोटा आहे. तो खोटा ठरवण्यासाठी नासाच्या शब्दावर विसंबण्याचीही गरज पडत नाही, आणि या नोंदीत भर नासाबाहेरूनही पडताळता येणाऱ्या पुराव्यांवरच आहे.

दाव्याला पुस्तकरूप दिले ते बिल केसिंग याने, १९७६ मध्ये, स्वखर्चाने. अपोलोच्या रॉकेटची इंजिने बनवणाऱ्या रॉकेटडाइन कंपनीत तो तांत्रिक लेखनाच्या विभागात होता, पण १९६३ मध्येच, म्हणजे पहिल्या अवतरणाच्या सहा वर्षे आधी, त्याने ती नोकरी सोडली होती. व्हिएतनाम युद्ध आणि वॉटरगेट प्रकरणाने अमेरिकी जनतेचा सरकारवरचा विश्वास तेव्हा पार ढासळला होता. सरकार एवढे खोटे बोलू शकते तर चंद्राबद्दलही बोलले असेल, हा संशय त्या हवेत सहज रुजला. फेब्रुवारी २००१ मध्ये फॉक्स वाहिनीने यावर एक कार्यक्रम दाखवला आणि दावा घरोघरी पोचला. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या १९९९ च्या पाहणीत सुमारे सहा टक्के अमेरिकी लोकांनी अवतरण बनावट असल्याचे म्हटले होते.

बहुतेक आक्षेप छायाचित्रांवर आहेत. आकाशात तारे का नाहीत, हा त्यातला सर्वांत जुना. अवतरणे चंद्रावरच्या दिवसा झाली. उन्हात न्हालेली जमीन आणि पांढरेशुभ्र पोशाख टिपायचे तर कॅमेऱ्याचे झाकण सेकंदाच्या छोट्याशा अंशापुरतेच उघडावे लागते, आणि तेवढ्या वेळात मंद तारे फिल्मवर उमटत नाहीत. मात्र तारे टिपण्यासाठीच नेलेले एक उपकरण चंद्रावर होते, हे आक्षेप घेणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. जॉर्ज कॅरदर्स यांनी घडवलेला अतिनील कॅमेरा अपोलो १६ ने एप्रिल १९७२ मध्ये नेला, यानाच्या सावलीत उभा केला आणि त्यातून तारे, मोठा मॅजेलनी मेघ ही शेजारची दीर्घिका आणि पृथ्वीभोवतीचे हायड्रोजनचे आवरण टिपले.

झेंडा फडकताना दिसतो, कारण त्याच्या वरच्या कडेतून आडवी दांडी ओवलेली होती. अपोलो ११ मध्ये ती पूर्ण उघडली नाही, म्हणून कापडाला चुण्या राहिल्या. अंतराळवीर काठी जमिनीत रोवत असताना कापड हलते, हवेचा अडथळा नसल्याने थोडा वेळ झुलत राहते आणि मग स्थिर होते. सावल्या समांतर नाहीत याचे कारण उंचसखल जमीन आणि रुंद कोनाचे भिंग. स्टुडिओत अनेक दिवे लावले असते तर प्रत्येक वस्तूला अनेक सावल्या पडल्या असत्या, तशा त्या कुठेही दिसत नाहीत. आर्मस्ट्राँगचे पहिले पाऊल कोणी टिपले, या प्रश्नाचे उत्तरही सरळ आहे. यानाच्या बाजूला बसवलेल्या, खाली उघडणाऱ्या फळीवर टीव्ही कॅमेरा होता आणि शिडी उतरताना दोरी ओढून आर्मस्ट्राँगनेच ती फळी उघडली.

पृथ्वीभोवतीच्या व्हॅन ॲलन पट्ट्यांमधल्या (विद्युतभारित कणांच्या पट्ट्यांमधल्या) किरणोत्साराने अंतराळवीर मेले असते, असेही सांगितले जाते. यानाने ते पट्टे काही तासांत पार केले. सर्व मोहिमांत सर्वाधिक मात्रा अपोलो १४ च्या चमूला मिळाली, तीही सरासरी १.१४ रॅड (रॅड हे किरणोत्साराची मात्रा मोजण्याचे एकक). किरणोत्साराचा आजार दिसू लागतो तो साधारण शंभर रॅडच्या आसपास.

स्टुडिओची कल्पना सर्वांत ठळकपणे कोसळते ती धुळीपाशी. अपोलो १५ पासून अंतराळवीरांनी सोबत चारचाकी गाडी नेली होती. चित्रफितीत तिच्या चाकांमागून उडणारी धूळ कमान करून वर जाते आणि तशीच खाली पडते. धुळीचा लोट उठत नाही, ती हवेत रेंगाळत नाही. पृथ्वीवर बारीक धूळ अशी कधीच वागत नाही, कारण इथे हवा आहे. हे बनवायचे तर गाडी धावू शकेल एवढ्या मोठ्या जागेतली सगळी हवा काढून टाकावी लागली असती. याच मोहिमेत डेव्हिड स्कॉटने कॅमेऱ्यासमोर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले. दोन्ही दीड सेकंदाच्या आत, एकदमच जमिनीला टेकले.

लेझर परावर्तकांचा पुरावा नेहमी पुढे केला जातो, पण तो जपून वापरायला हवा. अपोलो ११, १४ आणि १५ यांनी ठेवलेल्या परावर्तकांवर आजही लेझर सोडला जातो, अडीच सेकंदांत प्रकाश परततो, आणि चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने दूर जातो आहे हे त्यावरूनच मोजले गेले. मात्र रशियाच्या मानवरहित लुनोखोद गाड्यांवरही असेच परावर्तक होते. त्यामुळे परावर्तक तिथे आहेत एवढ्यावरून माणूस तिथे होता हे सिद्ध होत नाही. ते सिद्ध होते चांद्र नमुन्यांवरून.

हे नमुने मुंबईतही आले होते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने १९७० च्या सुमारास त्यांचा अभ्यास केला. नरेंद्र भंडारी आणि पुढे वरळीच्या नेहरू तारांगणाचे संचालक झालेले व्ही. एस. वेंकटवरदन हे त्या गटात होते. लाल १९७२ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि हे काम तिथे चालू राहिले. ही मंडळी खनिजांच्या स्फटिकांत वैश्विक किरणांचे माग शोधत होती. लोहासारखी जड अणुकेंद्रके स्फटिकात घुसतात तेव्हा वाटेत सूक्ष्म जखम करून जातात. स्फटिक रसायनात ठेवला की ती जखम झिजून रुंदावते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रेघेसारखी दिसते. या रेघा मोजायच्या, पृष्ठभागापासून आत जाताना त्या किती विरळ होतात ते पाहायचे आणि दगड उघड्यावर किती काळ पडून होता ते काढायचे, अशी ही पद्धत. चांद्र दगडांत हा काळ लाखो, कधी कोट्यवधी वर्षांचा निघतो. सौरज्वालांतल्या कणांचे माग तर अगदी वरच्या मिलिमीटरभर थरात सर्वाधिक दाट असतात. पृथ्वीच्या जमिनीवरच्या दगडात ते येऊच शकत नाहीत, कारण वातावरण हे कण अडवते.

मग ते दगड अंटार्क्टिकातून गोळा केलेले अशनी, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेले दगड असतील, अशी पळवाट काढली जाते. अपोलोच्या रॉकेटचे शिल्पकार वेर्नर फॉन ब्राउन १९६६-६७ च्या सुमारास अंटार्क्टिकाला गेले होते, हे त्याला जोडले जाते. पण अशनी वातावरणातून येताना त्याचा बाहेरचा थर जळून जातो, आणि त्याबरोबर वरच्या मिलिमीटरमधले ते दाट मागही जातात. अपोलोच्या दगडांवर ते शाबूत आहेत, शिवाय अतिसूक्ष्म उल्काकणांच्या आघाताचे, काचेने मढलेले खळगेही आहेत. अंटार्क्टिकात सापडलेला अशनी चंद्रावरचा आहे हे पहिल्यांदा ओळखले गेले ते १९८२ मध्ये, आणि तेही अपोलोच्या नमुन्यांशी ताडून पाहिल्यावर.

हे दगड यंत्रांनी आणले असतील, हा शेवटचा बचाव. सोव्हिएत संघाच्या तीन मानवरहित यानांनी १९७० ते १९७६ मध्ये जी माती आणली ती सगळी मिळून सुमारे ३०० ग्रॅम. अपोलोच्या नमुन्यांत पारखून निवडलेले मोठे दगड आहेत आणि जमिनीत अडीच-तीन मीटर खोलवरून काढलेले मातीचे उभे गाभे, म्हणजे नळी खोल घालून काढलेले लांब नमुने आहेत. अपोलो १५ चा असा गाभा उपसून काढताना स्कॉट आणि अर्विन यांची चांगलीच दमछाक झाली, आणि ती ध्वनिमुद्रित आहे. दोन्ही देशांनी आपापल्या नमुन्यांची देवाणघेवाण केली. बनाव असता तर तो सर्वांत आधी उघडा पाडण्यात सोव्हिएत संघाचा फायदा होता. त्यांचे लुना १५ यान अपोलो ११ चंद्रावर असतानाच तिथे कोसळले, आणि ब्रिटनच्या जॉड्रेल बँक वेधशाळेने दोन्ही यानांचे संदेश ऐकले होते.

नासाच्या चुकांनी संशयाला खतपाणी घातले, हेही नोंदवायला हवे. अपोलो ११ च्या थेट दृश्यांच्या मूळ चुंबकीय फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असे २००९ मध्ये नासाने मान्य केले. प्रसारित दृश्ये शिल्लक आहेत, पण एवढा मोलाचा ऐवज असा हातचा जाऊ देणे अक्षम्यच होते. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयातला ‘चांद्र दगड’ हे अश्मीभूत लाकूड निघाले. तो अमेरिकी राजदूताकडून डच माजी पंतप्रधानांकडे आलेला होता, नासाच्या नमुन्यांच्या वाटपातला नव्हता.

अवतरणस्थळे आता अवकाशातून पाहिली गेली आहेत. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने २००९ पासून यानांचे तळभाग, गाडीच्या चाकोऱ्या आणि अंतराळवीरांच्या पायवाटा टिपल्या. भारताच्या चांद्रयान-१ ने अपोलो १५ च्या इंजिनामुळे विस्कटलेल्या मातीचा उजळ डाग नोंदवला, तर चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याने अपोलो ११ आणि १२ ची याने दाखवली. चीनच्या छांग-अ ५ यानाने २०२० मध्ये आणलेल्या दगडांचे वय सुमारे दोनशे कोटी वर्षे निघाले. विवरे मोजून चांद्र भूमीचे वय काढण्याची जी पट्टी अपोलोच्या दगडांवरून तयार झाली होती, तिच्यात हे वय बसले. अपोलो १७ चा एक सीलबंद गाभा २०२२ मध्ये प्रथमच उघडला गेला, आणि जगभरातल्या प्रयोगशाळा आजही अर्ज करून हे नमुने तपासायला मागवतात.