कंट्रोल पॅनेल आणि सेटिंग्ज: विंडोजच्या दुहेरी कारभाराची पार्श्वभूमी

विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज'मधलं साउंडचं पान उघडा आणि खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज'वर क्लिक करा. समोर येते ती जुन्या कंट्रोल पॅनेलमधली, विंडोज व्हिस्टाच्या काळातली छोटी चौकट, प्लेबॅक आणि रेकॉर्डिंगच्या टॅबसकट. नवं पान वापरायचं की जुनं, हे आजही वापरणाऱ्यानंच शोधायचं.

कंट्रोल पॅनेल, म्हणजे संगणकाच्या सेटिंग्ज बदलण्याची जुनी जागा, १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून आहे. २००१ मध्ये विंडोज एक्सपीनं त्यातल्या आयकॉनची विषयवार गटांत मांडणी केली, तेव्हाही लोक वैतागले असणार. पण डाव्या बाजूला 'क्लासिक व्ह्यू' होता. एका क्लिकमध्ये जुनी मांडणी परत. हा समजूतदारपणा पुढे राहिला नाही, आणि माझ्या मते खरी चूक तिथेच झाली.

मराठी टाइप करणाऱ्यांना एक्सपीतला मार्ग आठवत असेल. 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स', त्यात लँग्वेजेसचा टॅब, तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या (म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांच्या) चौकोनात टिक, मग विंडोजची सीडी घाला, रीस्टार्ट करा आणि कीबोर्ड जोडा. वाट लांबच होती, पण एकदा वहीत उतरवून घेतली की वर्षानुवर्षं चालायची. पुढे सीडीची गरज संपली, हे चांगलंच झालं. मात्र विंडोज १० च्या हयातीतच भाषेचं पान कंट्रोल पॅनेलमधून गायब झालं आणि कीबोर्डचे बारीक पर्याय सेटिंग्जमध्ये टायपिंगच्या पोटात गेले. वहीतल्या पायऱ्या तिथे लागू पडेनात.

हे सगळं सुरू झालं ते टॅबलेटमुळे. २०१० मध्ये आयपॅड आला. कंट्रोल पॅनेलचे बारीक टॅब आणि टिकचे चौकोन बोटानं दाबण्याजोगे नव्हते, म्हणून २०१२ च्या विंडोज ८ मध्ये 'पीसी सेटिंग्ज' नावाची वेगळी, पूर्ण पडद्याची जागा आली. तिच्यात मोजकेच पर्याय होते. बाकीचे जुन्या जागीच राहिले. २०१५ मध्ये विंडोज १० नं तिचं 'सेटिंग्ज' केलं आणि तेव्हापासून एकेक पान तिकडे हलतंय.

इतका वेळ लागण्याला कारण आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये बाहेरच्या कंपन्याही आपली पानं जोडू शकतात, सीपीएल फाइलच्या रूपात. माउस, साउंड कार्ड, ग्राफिक्सवाल्यांनी ती जोडलीही. ती एका फटक्यात बंद करता येत नाहीत. हे मान्य करूनही, बारा-तेरा वर्षं म्हणजे फारच झालं.

मॅकवाल्यांनाही २०२२ मध्ये व्हेंच्युरा या मॅकओएसच्या आवृत्तीनं असाच धक्का दिला. 'सिस्टम प्रेफरन्सेस'च्या जागी आयफोनसारखी लांबलचक यादी आली. पण तिथे बदल एकदाच झाला.

ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मदत-पानावर कंट्रोल पॅनेल हळूहळू मोडीत निघत असल्याचं वाक्य आलं. बातम्या झाल्यावर ते सौम्य करून, त्यातल्या बऱ्याच सेटिंग्ज नव्या जागी हलवल्या जात आहेत, एवढंच ठेवलं गेलं. नव्या पानावर जुन्यातला प्रत्येक पर्याय येईपर्यंत जुनं पान हलवू नये, एवढी अपेक्षा वापरणाऱ्यांनी ठेवणं अजिबात गैर नाही.